दौऱ्यावरच्या साउंड इंजिनिअरची बॅग : काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी माझी दौऱ्याची बॅग पूर्ण रिकामी करून नव्याने भरली आणि तेव्हापासून पुण्याबाहेरचे सगळे कार्यक्रम त्याच सामानावर करते आहे. आमचा संच भावगीते आणि नाट्यगीते सादर करतो. दोन गायक, संवादिनी, तबला, बासरी, कीबोर्ड आणि निवेदनाच्या मध्ये लॅपटॉपवरून वाजणाऱ्या ध्वनिफिती, एवढाच त्याचा विस्तार आहे. स्पीकर, मिक्सर, स्टँड आणि मल्टिकोर (अनेक माइकांच्या तारा एकत्र नेणारी जाड केबल) त्या त्या गावच्या साउंडवाल्यांचे असतात आणि बहुतेक ठिकाणी ते चांगल्या अवस्थेतही असतात. बिघडते ते जोडांवर, म्हणजे आमचे वाद्य त्यांच्या केबलला, त्यांची केबल मिक्सरला आणि मिक्सर सभागृहाच्या विजेला जिथे मिळतो तिथे. बॅगेतली जागा आधी या जोडांसाठी राखावी, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

सर्वाधिक उपयोगी पडले ते डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा सिग्नल मिक्सरच्या माइक-इनपुटला जुळवून देणाऱ्या छोट्या पेट्या. कीबोर्ड आणि लॅपटॉपसाठी मी पॅसिव्ह डीआय वापरते, कारण त्यातील ट्रान्सफॉर्मरमुळे वाद्याकडची आणि मिक्सरकडची बाजू विजेच्या दृष्टीने वेगळी राहते आणि त्याला मिक्सरकडून केबलमधूनच मिळणाऱ्या ४८ व्होल्टच्या फँटम पुरवठ्याची गरजही लागत नाही. रेडियलचा जेडीआय महाग वाटतो, पण त्यात जेन्सनचा ट्रान्सफॉर्मर आहे आणि लॅपटॉपचा जोरकस सिग्नलही तो न फाटता पुढे पाठवतो. पाहुणा कलाकार पिझो पिकअप (तारांची कंपने टिपणारा संवेदक) लावलेली गिटार घेऊन आला, तर मात्र पॅसिव्ह डीआयवर तिचा आवाज पातळ आणि निस्तेज होतो. पिझोला सुमारे १ मेगाओहम इतका मोठा इनपुट रोध लागतो, म्हणून एक अ‍ॅक्टिव्ह (विजेवर चालणारा) डीआय सोबत असावाच.

लॅपटॉपमधून ५० हर्ट्‌झचा हम (सलग घुमणारा गुंजारव) येऊ लागला की मी आधी त्याचे चार्जर काढून पाहते. बॅटरीवर हम थांबला तर दोष ग्राउंड लूपचा, म्हणजे दोन वाटांनी अर्थिंग जोडले गेल्याचा, आहे हे कळते आणि डीआयवरचे ग्राउंड लिफ्टचे बटण दाबले की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. हे बटण सिग्नल केबलमधील शील्डची (तारेभोवतीच्या जाळीची) जोडणी सोडवते. विजेच्या अर्थिंगला ते हात लावत नाही. हा फरक मी आवर्जून लिहिते आहे, कारण हम घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याची पद्धत आजही अनेक ठिकाणी दिसते. धातूची जाळी असलेला माइक ओठांशी धरून गाणाऱ्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे, आणि तशी जोडणी दिसली तर ती दुरुस्त होईपर्यंत मी कलाकारांना रंगमंचावर येऊ देत नाही.

म्हणूनच मल्टिमीटर आणि तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर या दोन स्वस्त वस्तूंना मी बॅगेत सर्वांत वर जागा दिली आहे. सभागृहात पोहोचल्यावर सामान उतरण्याआधी रंगमंचावरचे प्रत्येक सॉकेट तपासायला काही मिनिटेच लागतात. टेस्टर अर्थिंग नसल्याचे किंवा फेज आणि न्यूट्रल उलटे असल्याचे सांगतो, परंतु न्यूट्रल आणि अर्थ यांची अदलाबदल त्याला ओळखता येत नाही. त्या दोहोंमधील व्होल्टेज मीटरवरही पाहते आणि ते काही व्होल्टांच्या पुढे दिसले, तर सभागृहाच्या इलेक्ट्रिशियनला बोलावते. खुल्या मैदानावर जनरेटर असेल तर फेज-न्यूट्रल दाब २३० व्होल्टच्या जवळ स्थिर आहे ना, हे पूर्ण भार चढल्यावर पुन्हा पाहावे लागते.

केबलींबाबत मी आता कडक झाले आहे. एक्सएलआर (तीन पिनांची माइकची) केबल तुटते ती जवळजवळ नेहमीच कनेक्टरच्या आत, जिथे टाका आणि वायरचा पीळ एकत्र येतात तिथे. बाहेरून सगळे ठीक दिसते, पण केबल जरा वाकवली की केबल टेस्टरवरचा दोन नंबरच्या पिनचा दिवा लुकलुकतो. अशा केबलला मी लगेच लाल टेप गुंडाळते, म्हणजे घाईत ती कोणी पुन्हा लावत नाही, आणि पुण्यात परतल्यावर नवा टाका घालते. कनेक्टर, हीट श्रिंक आणि चांगला सोल्डर तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतात. जेंडर चेंजर (केबलचे नर-मादी टोक बदलणारे जोड) आणि जॅकची रूपांतरे एका पारदर्शक डबीत ठेवावीत. अंधारात शोधाशोध करण्याचा त्रास वाचतो.

स्वतःचे माइक न्यावेत की नाही, यावर आमच्या क्षेत्रात दोन मते आहेत. मी गायकांसाठी शुअरचे एसएम ५८ नेते. ते कुठेही मिळतात हे खरे, पण मॉनिटरची, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरची, जागा माइकवर ठरते. एसएम ५८ हा कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) असल्यामुळे त्याची सर्वांत बहिरी बाजू थेट मागे असते आणि मॉनिटर गायकाच्या समोर नीट बसतो. आयत्या वेळी सुपरकार्डिऑइड माइक (ज्याच्या बहिऱ्या बाजू मागे तिरक्या असतात) हाती आला, तर तोच मॉनिटर बाजूला सरकवावा लागतो, नाहीतर शिट्टी धरते. हेडफोन सेनहायझरचे एचडी २५ आहेत. कान दाबतात, ही त्यांच्याबद्दलची तक्रार रास्त आहे, परंतु केबलपासून गाद्यांपर्यंत प्रत्येक भाग सुटा बदलता येतो आणि सभागृहाच्या गोंगाटात ते बाहेरचा आवाज चांगला अडवतात.

डिजिटल मिक्सरसाठी एफएटी ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले दोन पेनड्राइव्ह पुरतात. बेहरिंजरच्या एक्स ३२ वर जतन केलेला सीन (सगळ्या सेटिंग्जची नोंद) दुसऱ्या गावी उघडताना मुख्य आउटपुट बंद ठेवावे आणि राउटिंग (कोणता सिग्नल कुठे जातो) व फँटमच्या जोडण्या एकेक करून पाहाव्यात, कारण मागच्या सभागृहाची मांडणीही त्याच्यासोबत येते. टॅबलेटवरून मिक्सिंग करायचे असेल तर ५ गिगाहर्ट्‌झवर चालणारा स्वतःचा राउटर न्यावा. प्रेक्षक खिशात फोन घेऊन आले की २.४ गिगाहर्ट्‌झची जोडणी डळमळू लागते.

बॅग स्वतः पेलिकनची १५१० आहे आणि तिच्याबद्दल माझे मत संमिश्र आहे. कोकणातल्या पावसात टेम्पोच्या हौद्यात राहूनही आत थेंब शिरला नाही, आणि सिलिका जेलचे खडे ठेवल्यामुळे कंडेन्सर माइकची दमटपणामुळे होणारी चरचर थांबली. मात्र रिकामी बॅगच साडेपाच किलोच्या आसपास भरते. विमानाच्या केबिनमध्ये ७ किलोची मर्यादा असेल तर उरते काय? त्यामुळे विमानप्रवासात मी माइक आणि पेनड्राइव्ह साध्या पाठपिशवीत घेते आणि पॉवर बँकही तिथेच ठेवते, कारण ती चेक-इन सामानात चालत नाही.

काही गोष्टी मी बॅगेतून काढल्या. लांबलचक एक्स्टेन्शन सगळीकडे मिळते, आणि मोठा टूलबॉक्स केवळ वजन वाढवत होता. पाना, दोन स्क्रूड्रायव्हर आणि कटर यांवर सगळे निभावते. गॅफर टेपऐवजी (चिकटा न सोडणारा कापडी टेप) साधा डक्ट टेप नेऊन पाहिला, पण त्याचा चिकटा रंगमंचाच्या फळ्यांवर राहतो आणि व्यवस्थापक रागावतात, ते योग्यच आहे. कानांसाठीचे सपाट प्रतिसादाचे (सर्व स्वर सारखेच मंद करणारे) इअरप्लग मात्र कधीही काढणार नाही. अमेरिकेतील नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा आहे, पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला ती निम्मी होते आणि १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे उरतात. ढोल-ताशाच्या पथकाशेजारी उभे राहून साउंड चेक करणाऱ्याने हा हिशेब ध्यानात ठेवावा.

नव्याने सुरुवात करणाऱ्याचा खर्च मर्यादित असेल, तर त्याने सॉकेट टेस्टर, मल्टिमीटर आणि केबल टेस्टर पहिल्यांदा घ्यावेत, त्यानंतर एक चांगला पॅसिव्ह डीआय, आणि माइक व हेडफोन पुढच्या हंगामाच्या मिळकतीतून.