द्राक्ष बागायतदारांचा ग्रुप काढताय? हजार जणांचा, एकमार्गी की छाटणीच्या तारखेचा

ऑगस्ट उजाडला की द्राक्षपट्ट्यात नवे ग्रुप निघायला लागतात. कुठे शेतकरी उत्पादक कंपनी काढते, कुठे चार मित्र मिळून. सुरुवातीला सगळे रामराम घालतात, मग सकाळच्या शुभेच्छा येतात, मग औषधांच्या जाहिराती. आणि नेमका फुलोऱ्यात पाऊस येतो, डाऊनी या बुरशीच्या रोगाची भीती असते, तेव्हा कोणी बोलत नाही.

लोकांना बोलायचं नसतं असं मुळीच नाही. हेच लोक बांधावर भेटले की तासभर बागेवर बोलतात. ग्रुपवर ते गप्प का होतात, हे बरंचसं ग्रुपच्या रचनेवर ठरतं. यंदा ग्रुप काढणार असाल तर समोर चार पर्याय असतात: हजार जणांचा खुला व्हॉट्सॲप ग्रुप, फक्त ॲडमिन लिहील असा एकमार्गी ग्रुप किंवा चॅनेल, विषयवार विभागलेला टेलिग्राम ग्रुप, आणि छाटणीच्या तारखेप्रमाणे केलेले लहान ग्रुप. माझं मत आधीच सांगतो. चर्चा हवी असेल तर चौथा. बाकीचे तिन्ही कामाचे आहेत, पण त्यांचं काम वेगळं आहे.

हजार जणांचा ग्रुप

२०२२ च्या अखेरीपासून व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १०२४ जण बसतात. एवढी माणसं असली की बातमी झपाट्याने फिरते. गारपीट कुठे झाली, विरळणीला मजुरांची टोळी कुठे मोकळी आहे, कोणता व्यापारी पैसे थकवून गेला, यासाठी मोठा ग्रुप चांगलाच. चर्चेसाठी मात्र संख्या उपयोगी पडत नाही. याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन समूहांबद्दल एक ठोकताळा मांडला होता: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि बहुतेक मजकूर एकाच माणसाचा असतो. म्हणजे हजारात बोलके दहा.

द्राक्षात त्यावर आणखी दोन अडचणी येतात. पहिली वेळेची. बागलाणात अर्ली छाटण्या पावसाळ्यातच होतात, निफाड-दिंडोरीत आणि तासगावात मुख्य हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा. एकाचे मणी फुगत असतात तेव्हा दुसऱ्याची बाग अजून पोंग्यात, म्हणजे डोळे फुटायच्या अवस्थेत असते. अशा ग्रुपवर कोणी ‘जीए कधी घेऊ?’, म्हणजे मणी वाढवायचं संजीवक कधी फवारू, असं विचारलं तर दहा जण दहा बागांची उत्तरं देतात. वाण सांगितलेला नसतो, छाटणीपासूनचा दिवस सांगितलेला नसतो. विचारणारा गोंधळतो आणि पुन्हा विचारत नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. मोठ्या ग्रुपमध्ये व्यापारी असतात, औषध दुकानदार असतात, निर्यातदारांची माणसं असतात. ज्याच्या घडांवर भुरी (पांढऱ्या भुकटीसारखा बुरशीचा रोग) दिसतेय तो तिथे फोटो टाकणार नाही, कारण उद्या तोच व्यापारी बागेत उभा राहून भाव करणार आहे. युरोपला माल पाठवणारा तर कोणतं औषध कधी मारलं हे लिहिताना दहादा विचार करतो, कारण पुढे त्याच्या मालाची रेसिड्यू, म्हणजे औषधाच्या उरलेल्या अंशाची तपासणी व्हायची असते. ‘मोकळेपणाने बोला’ असं ॲडमिनने कितीही वेळा लिहिलं तरी ही भीती जात नाही. ती खरी आहे आणि तिचा मान ठेवला पाहिजे.

एकमार्गी ग्रुप

हवामानाचा इशारा, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला, मेळाव्याची तारीख, पॅकहाऊसची सूचना यांसाठी हा पर्याय उत्तम. गोंगाट नाही, महत्त्वाचा निरोप खाली जात नाही. पण सल्ला सगळ्यांसाठी एकच असतो आणि बाग प्रत्येकाची वेगळी. वाचणाऱ्याच्या मनात शंका आली तर ती घेऊन तो दुसरीकडेच जाणार.

टेलिग्राम

सोयींच्या बाबतीत हाच पुढे आहे. ग्रुपमध्ये डाऊनी, पाणी, बाजारभाव असे वेगळे विषय करता येतात, जुना इतिहास नव्या सदस्याला दाखवता येतो, फोन नंबर झाकता येतो, दोन लाखांपर्यंत सदस्य चालतात. आमच्याकडे अडतं ते सवयीवर. फवारणीच्या गडबडीत माणूस व्हॉट्सॲपच उघडतो. म्हणून टेलिग्राम चर्चेला नको, दप्तर म्हणून वापरा. ते कसं, ते शेवटी येईलच.

छाटणीच्या तारखेचा लहान ग्रुप

एकाच आठ-दहा दिवसांत छाटणी केलेले पंचवीस ते चाळीस बागायतदार, बस. ‘बोला’ म्हणायची गरज इथे फारशी पडत नाही, कारण सगळ्यांची बाग जवळपास त्याच अवस्थेत असते. एकाच्या बागेत अठराव्या दिवशी घड जिरताना (कोवळे घड नाहीसे होताना) दिसले की बाकीचे त्याच संध्याकाळी आपापल्या ओळी बघून येतात. पाऊस आला तर सगळ्यांच्याच फुलोऱ्यात येतो. दुसऱ्याचं उत्तर आपल्याला आजच लागणार असतं, म्हणून माणूस वाचतो आणि म्हणूनच लिहितो.

सदस्य फक्त बागायतदार ठेवा. दुकान आणि बाग दोन्ही असलेल्याला घ्यायचं की नाही, हे पहिल्या दिवशीच सगळ्यांना विचारून ठरवा. नंतर काढायला गेलं की मनं दुखावतात.

प्रश्न विचारताना पाच गोष्टी लिहायची सवय लावा: वाण, खुंट (ज्यावर कलम केलंय ते मूळझाड), छाटणीपासूनचा दिवस, जमीन, शेवटची फवारणी. फोटो वेलीचा आणि पानाच्या खालच्या बाजूचाही, कारण डाऊनीची पांढरी बुरशी तिथेच दिसते. हा नियम लिहून चिकटवण्यापेक्षा ॲडमिनने स्वतः तसे प्रश्न टाकावेत. ‘काय मंडळी, बागा कशा आहेत?’ याला कोणी उत्तर देत नाही. ‘माझा सोनाका, बाविसावा दिवस, भारी जमीन, दोन दिवस ढगाळ आहे, पाणी तोडावं असं वाटतंय, तुमचं काय चाललंय?’ याला उत्तर येतं. निर्णय अर्धवट असला पाहिजे आणि तो खरोखरच तुमच्यापुढे असला पाहिजे. नाटकी प्रश्न लोक लगेच ओळखतात.

सल्लागार ग्रुपमध्ये असेल तर त्याला विनंती करा की लगेच उत्तर देऊ नका, संध्याकाळपर्यंत थांबा. जाणकाराने दोन मिनिटांत निकाल दिला की बाकीच्यांचा अनुभव तोंडातच राहतो. अपवाद एकच: औषधाची मात्रा, मिश्रण किंवा काढणीपूर्व काळ (शेवटची फवारणी ते काढणी यांतलं अंतर) कोणी चुकीचा सांगितला तर क्षणभरही थांबू नये.

बरेच जण ॲडमिनला खासगीत विचारतात. तिथेच उत्तर देऊन टाकलं तर ग्रुप ओस पडतो. ‘नाव न घालता ग्रुपवर टाकू का?’ असं विचारा. बहुतेक जण हो म्हणतात, आणि पुढच्या वेळी स्वतःच टाकतात.

या पर्यायाची उणी बाजूही आहे. लहान ग्रुप एकत्र घाबरतो. एकाने ढग बघून जादा फवारणी घेतली की रात्रीत दहा जण पंप काढतात. त्यासाठी एक तरी अनुभवी, शांत माणूस हवाच. शिवाय प्रत्येक ग्रुपला ॲडमिन लागतो आणि कायद्याच्या भीतीने पुष्कळ जण नको म्हणतात. त्यांना सांगा की मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे: दुसऱ्या सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी, समान हेतू दिसत नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही.

मग काय निवडायचं?

तुम्ही पंधरा-वीस जण असाल आणि छाटण्या जवळपास असतील तर एक लहान ग्रुप पुरे, बाकी काही काढू नका. उत्पादक कंपनीचे तीनशे सभासद असतील तर व्हॉट्सॲपची कम्युनिटी करा: वर सूचनांचा एकमार्गी ग्रुप, खाली छाटणीच्या तारखेप्रमाणे लहान ग्रुप. यात वेगळ्या ग्रुपमधल्या सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, हा मोठा फायदा. मजूर आणि बाजारभाव यांसाठी तालुक्याचा मोठा ग्रुप बहुधा आधीच असतो, तोच वापरा.

माल उतरला की लहान ग्रुपमधली वर्दळ कमी होते. तिला ओढूनताणून जिवंत ठेवू नका. त्याऐवजी काढणीनंतरच्या खरड छाटणीआधी प्रत्येकाकडून एक टिपण घ्या: काय केलं, कितव्या दिवशी केलं, काय निघालं. ती सगळी टिपणं टेलिग्रामवर विषयवार लावून ठेवा. पुढच्या ऑगस्टमध्ये छाटणीच्या नव्या तारखा विचारून याद्या पुन्हा करा, कारण गेल्या वर्षी तुमच्याबरोबर फुलोऱ्यात असलेला माणूस यंदा पंधरा दिवस पुढे असू शकतो.