ओएलईडीतला प्रकाश: ट्रान्सफर मॅट्रिक्स की एफडीटीडी?
ओएलईडीत, म्हणजे सेंद्रिय पदार्थांच्या पातळ थरांच्या एलईडीत, प्रकाश थरांच्या आतच जन्मतो. त्यातला किती बाहेर येईल हे गणिताने काढायच्या या दोन पद्धती. सेंद्रिय थरांचा अपवर्तनांक साधारण 1.7, काचेचा 1.5, पूर्ण अंतर्गत परावर्तनामुळे सपाट रचनेतून जेमतेम 20 टक्के प्रकाश हवेत येतो.

थर सपाट असतील तर मी डोळे झाकून ट्रान्सफर मॅट्रिक्स (प्रत्येक थराचं एक मॅट्रिक्स मांडून त्यांचा गुणाकार) घेईन. उत्सर्जक रेणू म्हणजे द्विध्रुव, एक सूक्ष्म अँटेनाच; त्याचं क्षेत्र प्रतल लहरींत फोडायचं, वरच्या-खालच्या थरांचं परावर्तन जोडायचं, की साध्या लॅपटॉपवर झटपट उत्तर. रेणूचं कॅथोडपासूनचं (ऋण इलेक्ट्रोडपासूनचं) अंतर 10-10 नॅनोमीटरने बदलून पाहणंही सोपं. फक्त जाड थरांत क्षयी (अंतरासोबत विरत जाणाऱ्या) लहरींमुळे गणनेतले आकडे फुगतात. तिथे स्कॅटरिंग मॅट्रिक्स (थरात येणाऱ्या लहरींवरून बाहेर जाणाऱ्या लहरी काढणारं) वापरा.

तरंगलांबीच्या मापाची नक्षी असेल तर एफडीटीडी, म्हणजे जागा आणि वेळ बारीक जाळीत तोडून मॅक्सवेलची समीकरणं सोडवणं. पण जाळीचं अंतर निम्मं केलं की त्रिमितीत मेमरी 8 पट, वेळ 16 पट. शिवाय द्विध्रुवाच्या तिन्ही दिशा वेगळ्या चालवायच्या आणि बेरीज तीव्रतेची करायची, क्षेत्रांची नाही.