सरीसृपांच्या जबड्यांचा रेझिन संच: काही महिने वापरल्यावर

बिअर्डेड ड्रॅगन, इग्वाना (हे दोन्ही सरडे) आणि मगर अशा तीन जबड्यांचा हा संच, दात जबड्याला कसे बसतात ते बघण्यासाठी. मापं आणि वजन विक्रेत्याने दिलंय तसंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती एका तपकिरी रेषेची.

बिअर्डेड ड्रॅगनच्या प्रत्येक दाताच्या बुडाशी रंग ओघळवून फट दाखवली आहे. अहो, ॲक्रोडॉन्ट दाताला फट असेल कशी? तो जबड्याच्या कडेवर हाडाशी एकजीव झालेला असतो. खोबणही नाही, मूळही नाही. झिजला की झिजला, त्या जागी दुसरा येत नाही. जबडा वाढेल तशी ओळीच्या मागच्या टोकाला भर पडते, एवढंच. म्हाताऱ्या जनावरात तर हाडाची कडाच चावायला उरते. ज्या गोष्टीसाठी संच घ्यायचा, तीच खोटी दाखवलेली. विक्रेत्याचा खुलासा काय, तर ‘उठाव यावा म्हणून’!

रंग ॲक्रिलिक आहे, त्यामुळे नवा संच घेण्याचा खर्च वाचतो. इअरबड आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवून पिळा आणि हलक्या हाताने रेष पुसा. ॲसिटोन नको, रेझिनच खराब होतं. पुढचे मोजके सुळ्यांसारखे दात सोडून द्या. ते प्लूरोडॉन्ट, म्हणजे जबड्याच्या भिंतीला आतून चिकटलेले असतात आणि बदलतातही.

एवढ्यावर दोनच तारे दिले असते, पण इग्वानाने मत बदललं. त्याचा जबडा ओठाच्या बाजूने बघून काहीच कळत नाही. जिभेच्या बाजूने धरा: बाहेरची भिंत उंच, आतली जवळपास नाहीच, आणि दात त्या उंच भिंतीला आतून चिकटलेले. काहींच्या बुडाशी गोल खळगा आहे. जुन्या दाताचं बूड विरघळवत नवा तिथूनच वर येतो. इथे तोच तपकिरी रंग खळग्यात साचून नव्या दाताचं टोक उठून दिसतं! म्हणून साडेतीन तारे.

मगरीचे दात सुटे आहेत, आणि तसेच हवेत. खऱ्या मगरीत दात आणि खोबणीचं हाड यांच्यामध्ये तंतू असतात. ते कुजले की सुकलेल्या कवटीतून दात गळतात. दात सरळ वर ओढून काढा, तिरका ओढलात तर बुडाशी मोडतो. मोडलाच तर दोन्ही तुकड्यांत 1 मिमीचं भोक पाडून पितळी तार घाला आणि सुपरग्लूचा एकच थेंब द्या. पूर्ण वाळेपर्यंत दात जबड्याबाहेरच ठेवा. गोंद खोबणीत उतरला तर मगरही ॲक्रोडॉन्ट झाली म्हणून समजा.