सूज उतरवणारा अर्क: 21,450 रुपये गेले, सूज होती दाढेची

पोटावरच्या चरबीमुळे अंगात आतून सूज राहते, हे खोटं नाही. रक्तात सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारं प्रथिन, वाढलेलं दिसतं. माझ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. भामट्यांनी नेमकं हेच उचललं आणि त्याला हळद-गुग्गुळाचा अर्क चिकटवला. तेव्हा "शिकलेली असून फसलीस कशी" हे मला ऐकवू नका.

'डॉक्टर' म्हणवणाऱ्याने फोनवर रिपोर्ट मागवला. सीआरपी 7.8. "ताई, आत आग पेटलीय." पहिला संच 3,850 चा. महिन्याभराने सीआरपी 2.9! मग पुढच्या कोर्सचे 11,400 कोण भरणार नाही?

इथे, अगदी इथेच कळायला हवं होतं. मधल्या काळात माझ्या दाढेतला पू काढून रूट कॅनाल झालं होतं. सीआरपी कुठल्याही जंतुसंसर्गाने चढतं, तो गेला की उतरतं. वजन मात्र 84 चं 84. ताप होता का, दात दुखतो का, त्या माणसाने एकदाही विचारलं नाही. आणि मी तरी आपणहून कशाला सांगू? दाढेचा नि पोटाचा संबंध कुणाच्या डोक्यात येतो?

बाटलीवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 आकडी नंबर, म्हणजे अन्नपदार्थ. आयुर्वेदिक औषधाला उत्पादनाचा वेगळा परवाना लागतो, तोच बघा. लेबल नखाने खरवडलं तर खाली केसगळतीच्या कॅप्सूलचं लेबल!

पैसे परत मागितले, तर "रिफंडचा जीएसटी" म्हणून आणखी 6,200 उकळले. परताव्यासाठी कुणी पैसे मागितले की फोन ठेवा आणि लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

तक्रार घेऊन गेले, तर औषध विभागवाले म्हणतात परवाना अन्नाचा, तिकडे जा. अन्नवाले म्हणतात दावा औषधाचा, तिकडे जा. चौकीत साहेब जेवायला गेलेले. आल्यावर म्हणे, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?" अहो, लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायलाच 1954 च्या कायद्याने बंदी आहे! तो कायदा छापून नेला, तर दोन झेरॉक्स आणायला पिटाळलं.

असलं काही घेतलं असेल तर यकृताची तपासणी करून घ्या. हळदीच्या घट्ट अर्कानेही यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. भाजीतल्या हळदीचं म्हणत नाहीये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नका.

असाच फोन आला असेल तर रेकॉर्डिंग ठेवा, मला कळवा. दोन तक्रारी एकत्र गेल्या तर निदान आवक क्रमांक तरी देतील.