दुनळीचा चाप आणि बाड्याजवळचे मिस्त्री

ग्वाल्हेरात महाराज बाड्याच्या चौकाजवळ बंदुका दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत: काम उत्तम, बोलणं तुसडं, पावती मागून घ्यावी लागते. एवढ्यावर ज्यांचं भागतं त्यांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल.

बंदूक सासऱ्यांची, आता परवाना माझ्या नावावर. बारा बोअर, इंग्रजी, घोडे, म्हणजे काडतूस उडवणारे हातोडे, आतल्या पेटीत. अ‍ॅन्सन आणि डीली यांनी १८७५ मध्ये बर्मिंगहॅमला काढलेली रचना: नळ्या खाली मोडल्या की घोडे आपोआप चढतात. आमच्या बंदुकीचा डावा घोडा मात्र मिटताना जरासा झटका बसला, की चापाला हात न लावता पडायचा. नकली काडतुसं घालून पाहिलं म्हणून कळलं. सेफ्टी लावून पाहिली, तरी तेच. "सेफ्टी तो सिर्फ ट्रिगर रोकती है, घोडा नहीं," मिस्त्री म्हणाले. त्याआधी दुसऱ्या एका दुकानात मला "चाप हलका आहे, चांगलंच की" असं ऐकवलं होतं!

या मिस्त्रींनी पेटी उघडली ती बघण्यासारखी. इंग्रजी स्क्रूंच्या खाचा केसासारख्या बारीक, बाजारचा पेचकस लावला की कडा फुटल्याच. यांचे पेचकस घासून पातळ केलेले, ज्या स्क्रूला जो बसेल तो. काढलेला प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर आपापल्या जागी खोचलेला. घोड्याच्या खाचेत सिअर, म्हणजे चढलेला घोडा धरून ठेवणारी कळ, अडकते; तिचं नाक कुणीतरी पूर्वी चाप हलका करायला कानशीनं घासून ठेवलं होतं. मिस्त्रींनी पोलादाची नवी सिअर घडवली, पाणी दिलं आणि काजळी लावून लावून ती खाचेशी जुळवली. कमान (स्प्रिंग) धड होती, म्हणून जुनीच ठेवली. शेवटी चाप ओढायला किती जोर लागतो ते काटा लावून दाखवलं: पुढचा चाप, म्हणजे उजव्या नळीचा, चार पौंडांच्या आसपास, मागचा किंचित जड. मी म्हटलं, थोडा हलका करा, बोट दुखतं. "नहीं होगा, मॅडम." विषय संपला.

कागदपत्रांत पक्के. बंदूक दुरुस्तीच्या धंद्यालाही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, तो भिंतीवर टांगलेला आहे. माझा परवाना आणि बंदुकीवरचा नंबर जुळल्यावरच वहीत नोंद झाली. वरातीत बार काढायचे म्हणून आलेल्या एका पोराला माझ्यासमोर हाकललं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यापायी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ग्वाल्हेरात हे तोंडावर सांगणारा दुकानदार विरळाच.

खर्चाचा अंदाज आधी मिळत नाही, फोन उचलत नाहीत. दस्त्याला न विचारता पॉलिश मारलं आणि त्याचेही पैसे लावले, ते मला मुळीच आवडलं नाही. तुम्ही आधीच बजावून ठेवा.

आणि निवडणुका जवळ आल्या असतील तर त्याआधीच जा. आचारसंहितेत बंदुका ठाण्यात जमा होतात, आणि सुटल्या की अर्धं लश्कर (बाड्याभोवतीचा शहराचा भाग) एकदम यांच्याच दारात उभं असतं.