जेसन बेकरचा 'पर्पेच्युअल बर्न', दया बाजूला ठेवून ऐका

श्रेड गिटार, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारवरचं ते सुसाट वादन, म्हटलं की बऱ्याच जणांचं एकच म्हणणं असतं, गाणं कुठंय यात, नुसती बोटं पळतायत. खरं सांगायचं तर ऐंशीच्या दशकातल्या ढीगभर अल्बमांबद्दल ते बरोबरच आहे, तयारी जबरदस्त पण अल्बम संपला की एक चाल डोक्यात राहील तर शपथ. 'पर्पेच्युअल बर्न' त्यातला नाही. गिटारवादक जेसन बेकरचा १९८८ चा अल्बम, श्रॅपनेल रेकॉर्ड्सचा, म्हणजे कॅलिफोर्नियात माइक वार्नीने असे सुसाट गिटारवाले शोधून शोधून जी कंपनी चालवली तिचाच. तेव्हा बेकर विशीचाही नव्हता, आणि त्याआधी १९८७ ला गिटारवादक मार्टी फ्रीडमनबरोबर कॅकोफनी या बँडचा 'स्पीड मेटल सिंफनी' करून मोकळा झालेला!

पहिलाच ट्रॅक 'अल्टिट्यूड्स'. सुरुवातीची चाल चक्क गुणगुणता येते, पोराला कसलीही घाई नाही, आणि मग मध्ये तो अर्पेजिओचा, म्हणजे कॉर्डचे (एकत्र जुळणाऱ्या सुरांचे) सूर एकेक करून वाजवण्याचा, सुप्रसिद्ध भाग येतो जो बघून आजही पोरं गिटार विकायला काढतात. तो वाजतो स्वीप पिकिंगने, म्हणजे पिक (तार छेडायची छोटी पट्टी) एका तारेवरून दुसरीवर एकाच झटक्यात घसरत न्यायचा, आणि डाव्या हाताने प्रत्येक सूर वाजला की लगेच बंद करायचा, नाहीतर सगळे सूर एकमेकांत मिसळून चिखल होतो. बेकरचा एकेक सूर सुटा ऐकू येतो. पण मला त्या स्पीडपेक्षा त्याखालचे बदलत जाणारे कॉर्ड्स आवडतात, त्या अर्पेजिओमुळे चाल पुढे सरकते, नुसती आतषबाजी म्हणून ते तिथे नाहीत.

'एअर' तर मेटल न ऐकणाऱ्यालाही बिनधास्त ऐकवा. पाश्चात्य शास्त्रीय संगीतकार बाखच्या वळणाचं, गिटारच्या ओळी एकमेकींत गुंफलेल्या, एक बोलते तर दुसरी उत्तर देते. ह्या वयात हे सुचलं कसं हा प्रश्न मला दरवेळी पडतो. काही ट्रॅकवर फ्रीडमनचे सोलो आहेत, तो सूर असा विचित्र जागेवरून खेचत आणतो की मींड ऐकायची सवय असलेल्या कानाला लगेच ओळखू येतं, हा दुसरा माणूस.

आता कुरकुर. ड्रमचा आवाज टिपिकल ऐंशीचा, रिव्हर्बमध्ये (कृत्रिम घुमाऱ्यात) भिजलेला, अत्मा अनुर वाजवतो भारी पण ते मिक्स आज जुनाट वाटतं. किबोर्डही जरा प्लॅस्टिकच. आणि 'ड्वेलर इन द सेलर'मध्ये इतके तुकडे कोंबलेत की मी अर्ध्यात दमतो. चाहते शिव्या घालतील, घालू देत.

आणि हो, ती आजाराची गोष्ट. बेकर पुढे रॉक गायक डेव्हिड ली रॉथच्या बँडमध्ये गेला, तिथेच एएलएसचं, म्हणजे हळूहळू स्नायूंवरचा ताबा जाणाऱ्या आजाराचं, निदान झालं, हात गेले, आवाज गेला, आता वडिलांनी बसवलेल्या पद्धतीने डोळ्यांच्या हालचालींनी बोलतो आणि तसंच संगीतही रचतो. २०१८ चा 'ट्रायम्फंट हार्ट्स' असाच झालाय. सगळं अफाट आहे, पण त्यामुळे होतं काय की ह्या अल्बमबद्दल लिहिणारा प्रत्येक जण आधी हळहळतो आणि मग पाच स्टार देतो. अरे, हा आजाराच्या आधीचा अल्बम आहे, तेव्हा तो एक मस्तीत असलेला पोरगा होता आणि ती मस्ती प्रत्येक ट्रॅकमध्ये ऐकू येते, तिचे मार्क द्या ना.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा ड्रमच्या मिक्सचा कापला. आवडला तर पुढे फ्रीडमनचा 'ड्रॅगन्स किस' घ्या, तोही १९८८ चाच, जास्त अंधारा आणि जास्त तिरपागडा. फक्त मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून मत बनवू नका, मागच्या गिटार गायब होतात आणि उरते ती खरंच नुसती बोटांची पळापळ.