ॲनिमेशन शिकायचंय: आर्ट स्कूल, की स्वतःच्या बळावर?

बारावीनंतर ॲनिमेशनकडे वळायचं असेल, तर कॉलेजच्या आधी काम ठरवा. पात्ररचना, स्टोरीबोर्ड, पार्श्वभूमी यांसाठी चित्रकलेचा पक्का हात लागतो. तिथे आर्ट स्कूलचं पारडं जड आहे. थ्रीडी पात्रं हलवणं, रिगिंग (पात्राला हलवता येणारा सांगाडा बसवणं), लाइटिंग या कामांत मात्र निवड मुख्यतः शोरील, म्हणजे स्वतःच्या निवडक कामाचा छोटा व्हिडिओ, बघून होते.

राज्यातल्या शासकीय आणि अनुदानित कॉलेजांतल्या बीएफएला (ललित कलेच्या पदवीला) उपयोजित कला व हस्तकलेची राज्य सीईटी (एएसी सीईटी) द्यावी लागते. मानवाकृती, रेखाटन, रचना यांची बैठक तिथे पक्की होते. ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा स्वतःच शिकावं लागतं. थेट ॲनिमेशनच हवं असेल, तर अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) बारावीनंतर चार वर्षांचा ॲनिमेशन फिल्म डिझाइनचा अभ्यासक्रम आहे. मुंबई आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात ॲनिमेशन एम.डेस.ला (डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीला) आहे, म्हणजे पदवीनंतर, सीड ही प्रवेश परीक्षा देऊन. तिथल्या बी.डेस.साठी, म्हणजे बारावीनंतरच्या डिझाइन पदवीसाठी, यूसीड ही प्रवेश परीक्षा असते आणि ती लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते. म्हणून घाईने पहिला प्रयत्न वाया घालवू नका.

घरी शिकायला ब्लेंडर (थ्रीडीसाठी) आणि क्रिता (चित्रं काढण्यासाठी) ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. क्रम असा ठेवा: उसळता चेंडू, लंबक, शेपटी, चाल, जड वस्तू उचलणं, मग दहा सेकंदांचा संवाद. चाल बिघडते ती बहुधा कमरेपाशी. शरीराचा भार टेकलेल्या पायावर आला नाही की पात्र तरंगतं. दुसरी अडचण दोन पोझच्या मधल्या, संगणकाने भरलेल्या फ्रेम्सची. मुख्य पोझ कमी असल्या की तो मधली सगळी हालचाल आपोआप, यांत्रिकपणे भरतो आणि ती गुळगुळीत, निर्जीव दिसते. आधी स्टेप्ड मोडमध्ये (यात संगणक मधल्या फ्रेम्स भरत नाही) पाऊल टेकणं, खाली दबणं, पाय ओलांडणं, वर उठणं या चार पोझ नीट लावा, स्प्लाइन (मधली हालचाल संगणकाकडून भरून घेणं) त्यानंतर.

पण या चुका स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाहीत. आर्ट स्कूलमध्ये शिक्षक आणि वर्गमित्र रोज काम तपासतात, फीचं खरं मोल तिथे आहे. घरी शिकताना काम करणाऱ्या ॲनिमेटरकडून दर आठवड्याला दुरुस्ती मिळत नसेल, तर शिकणं बंद पडल्यासारखंच आहे.

आर्ट स्कूलच्या पदवीचा उपयोग परदेशी जातानाही होतो. अमेरिकेत नोकरीसाठीच्या एच-१बी व्हिसासाठी पदवी किंवा तिच्या बरोबरीची पात्रता लागते. परदेशात पुढे एम.ए. करायचं असेल, तरीही सहसा पदवी विचारतात.

खासगी संस्थेच्या महागड्या डिप्लोमाबद्दल सर्वांत जास्त सावध राहा. जाहिरात बाजूला ठेवा आणि गेल्या बॅचच्या पाच मुलांची रील्स मागा. प्रत्येक शॉटमध्ये कोणी नेमकं काय केलं, हे विचारा. मानवाकृती रेखाटनाचे तास किती, शिकवणारे सध्या स्टुडिओत काम करतात का, पदवी कोणत्या विद्यापीठाची, हेही लेखी घ्या. रील दाखवायला टाळाटाळ झाली तर प्रवेश घेऊ नका.

चित्रकलेचा हात आहे आणि सरकारी फी परवडते, तर चार वर्षं द्या. कर्ज काढूनच फी भरावी लागणार असेल, तर आधी सहा महिने घरी काम करा. त्यातून चेंडू आणि चाल एवढं तरी नीट जमलं, तर मग फीचा विचार करा.